मनगटाचा अस्थिभंग

मनगटाचा अस्थिभंग म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या दोन हाडांच्या मनगटाकडील टोकाचा किंवा मनगटातील लहान हाडांपैकी एखाद्याचा भंग होय. प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या अस्थिभंगांपैकी हा एक असून बहुतेक वेळा तो पुढे पसरलेल्या हातावर पडल्यामुळे होतो. यांत अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, म्हणजे रेडियसचे, मनगटाकडील टोक सर्वांत अधिक वेळा मोडते. या अस्थिभंगाने सहसा जिवास धोका नसतो. मात्र उपचारात हयगय झाल्यास बोटे आखडणे, पकड कमी होणे, मनगट वाकडे जुळणे व वेदना दीर्घकाळ राहणे असे परिणाम होऊ शकतात. ज्यांचे पोट हाताच्या कामावर अवलंबून आहे, अशा व्यक्तींच्या उपजीविकेवर याचा थेट परिणाम होतो.

## शरीररचना

मनगटात रेडियस व अल्ना या दोन लांब हाडांची टोके आणि दोन ओळींत रचलेली आठ लहान हाडे असतात. रेडियस अंगठ्याच्या बाजूस, तर अल्ना करंगळीच्या बाजूस असते. हातावर येणाऱ्या भारापैकी सुमारे ८० टक्के भार रेडियसमार्फत व उरलेला अल्नामार्फत कोपराकडे जातो. रेडियसच्या टोकाचा सांध्याकडील पृष्ठभाग सपाट नसतो. तो तळहाताच्या बाजूस सरासरी ११ अंश व करंगळीच्या बाजूस सरासरी २२ अंश उतरता असतो. मोडलेले हाड जागेवर आले आहे की नाही, हे ठरविताना डॉक्टर क्ष-किरण चित्रावर हेच उतार व हाडाची लांबी मोजतात.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूने बोटे वाकविणारे स्नायुबंध आणि मीडियन नावाची चेता एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना या चेतेवर अवलंबून असते. त्यामुळे मनगट मोडल्यावर या बोटांना मुंग्या आल्या किंवा ती बधिर झाली, तर त्या लक्षणाकडे तातडीने लक्ष द्यावे लागते.

## कारणे

पडताना माणूस नकळत हात पुढे करतो आणि शरीराचा भार तळहातावर येतो. तरुणांमध्ये दुचाकीचे अपघात, उंचावरून पडणे व खेळ ही प्रमुख कारणे आहेत. वयस्कर व्यक्तींमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, न्हाणीघरात पाय घसरणे किंवा उंबऱ्यास अडखळणे एवढे किरकोळ कारणही पुरते. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडल्यास अस्थिसुषिरता, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होणे, आहे काय याची तपासणी करणे आवश्यक ठरते.

शेतीप्रधान भागांत ओला बांध, विहिरीच्या पायऱ्या, गोठ्यातील शेणामुळे निसरडी झालेली जमीन, जनावराने दिलेला हिसका आणि ट्रॉलीवरून पडणे ही नेहमीची कारणे होत.

## प्रकार

* कोलीस अस्थिभंग: रेडियसचे टोक मोडून हाताच्या मागील बाजूस सरकते. बाजूने पाहिल्यास मनगटाचा आकार जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे.
* स्मिथ अस्थिभंग: तुटलेला भाग तळहाताच्या बाजूस सरकतो. हा प्रकार बहुधा अस्थिर असतो व त्यास पुष्कळदा शस्त्रक्रिया लागते.
* बार्टन अस्थिभंग: सांध्याच्या कडेचा तुकडा मोडतो व त्याच्यासोबत मनगटातील हाडेही सरकतात.
* शोफर अस्थिभंग: रेडियसच्या अंगठ्याकडील टोकाचा तुकडा मोडतो. पूर्वी मोटारी हँडल मारून सुरू करीत. तेव्हा हँडलच्या उलट झटक्याने चालकांना ही इजा होत असे, त्यावरून हे नाव पडले. हँडल मारून सुरू करावयाच्या डिझेल इंजिनामुळेही अशी इजा होऊ शकते.
* स्कॅफॉइडचा अस्थिभंग: अंगठ्याच्या मुळाशी असलेले हे नौकेच्या आकाराचे लहान हाड मुख्यतः तरुणांमध्ये मोडते. त्याला रक्तपुरवठा बोटांकडील टोकाने होत असल्याने कोपराकडील तुकड्याचा पुरवठा तुटण्याचा व तो निर्जीव होण्याचा धोका असतो.

त्वचा फाटून हाड बाहेर आले असेल किंवा जखम हाडापर्यंत पोहोचली असेल, तर त्यास उघडा अस्थिभंग म्हणतात. अशा वेळी जखमेची शस्त्रक्रियेने स्वच्छता, प्रतिजैविके व धनुर्वाताची लस यांची तातडीने गरज असते.

## इतिहास

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व चिकित्सास्थानात अस्थिभंगाचे स्वतंत्र विवेचन आढळते. त्यात हाड मोडणे व सांधा निखळणे यांचा भेद केला असून वड, पिंपळ, उंबर, पळस यांसारख्या झाडांच्या साली व बांबू यांच्या पट्ट्या बांधण्यास सांगितले आहे. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट झाल्यास सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, असा इशाराही त्यात आहे. भग्न जुळण्यास बालवयात एक महिना, मध्यम वयात दोन व उतारवयात तीन महिने लागतात, असेही त्यात म्हटले आहे.

युरोपात दीर्घकाळ मनगटाच्या अशा दुखापती सांधा निखळल्याच्या समजल्या जात. फ्रेंच शल्यचिकित्सक क्लोद पुतो यांच्या १७८३ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्या वस्तुतः अस्थिभंग असल्याचे नमूद होते. डब्लिन येथील अब्राहम कोलीस यांनी १८१४ साली या अस्थिभंगाचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता. व्यंग कायम राहिले तरी हात कालांतराने वेदनारहित होऊन त्याच्या हालचाली परत येतात, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. अमेरिकेत जॉन बार्टन यांनी १८३८ साली व आयर्लंडमध्ये रॉबर्ट स्मिथ यांनी १८४७ साली इतर प्रकारांचे वर्णन केले.

डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस मॅथिसेन यांनी १८५२ साली प्लास्टर लावलेल्या पट्टीची पद्धत प्रसिद्ध केली. १८९५ साली विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि निदान खात्रीचे झाले. जर्मनीतील मार्टिन किर्शनर यांनी १९०९ साली वापरात आणलेल्या बारीक तारा आजही त्यांच्या नावाने, 'के-वायर' म्हणून, वापरल्या जातात. २००० सालाच्या सुमारास तळहाताच्या बाजूने बसविण्याच्या लॉकिंग प्लेटचा प्रसार झाला व शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढले.

## लक्षणे व निदान

तीव्र वेदना, सूज, काळेनिळेपणा, मनगटाचा बदललेला आकार आणि हात हलविता न येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. बोटे हलतात म्हणून हाड मोडलेले नाही, हा समज चुकीचा आहे. मनगटाचे हाड मोडूनही बोटे हलू शकतात.

तपासणीत नाडी, बोटांची संवेदना, त्वचेवरील जखम व कोपर पाहिले जाते. समोरून व बाजूने अशी किमान दोन क्ष-किरण चित्रे घेतली जातात. सांध्यात अनेक तुकडे झाले असल्यास सीटी स्कॅन उपयोगी पडतो. स्कॅफॉइडचा अस्थिभंग पहिल्या चित्रात दिसेलच असे नाही. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असल्यास चित्र निर्दोष असले तरी हात आधारात ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र घेतात किंवा एमआरआय करतात. ही दुखापत 'मुरगळ' म्हणून दुर्लक्षिली जाते आणि हाड न जुळल्याचे कित्येक महिन्यांनी लक्षात येते.

## प्रथमोपचार

* अंगठ्या, बांगड्या, पाटल्या, कडे, घड्याळ व मनगटास बांधलेला दोरा ताबडतोब काढावा. सूज वाढल्यावर त्या काढता येत नाहीत व रक्तप्रवाह अडतो.
* हात आहे त्याच स्थितीत पुठ्ठा, फळी किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन सैलसर बांधावा आणि उपरण्याची किंवा ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवावा.
* कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये.
* चोळणे, तेल लावून मालिश करणे, शेकणे व ओढून हाड बसविण्याचा प्रयत्न करणे टाळावे.
* जखम असल्यास ती स्वच्छ कापडाने झाकावी. हळद, माती, चुना असे काही लावू नये.
* भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणेपिणे देऊ नये.

## उपचार

वय, हाताचा वापर, हाडांची घनता, तुकडे किती सरकले आहेत व सांध्याचा पृष्ठभाग फाटला आहे काय, यांवर उपचार ठरतो.

प्लास्टर किंवा आधारपट्टी: हाड न सरकलेले असल्यास कोपराखाली प्लास्टर किंवा तयार आधारपट्टी साधारणतः ३ ते ६ आठवडे पुरते. सुरुवातीस सूज येत असल्याने पूर्ण गोल प्लास्टरऐवजी एका बाजूचे प्लास्टर घालणे सुरक्षित समजले जाते. प्लास्टर बोटांच्या मुळाशी थांबावे, म्हणजे मूठ पूर्ण वळते.

हाड बसविणे: हाड सरकले असल्यास भंगाच्या जागी भुलीचे इंजेक्शन देऊन किंवा हाताच्या शिरेतून भूल देऊन हाड ओढून जागेवर आणले जाते व प्लास्टर घातले जाते. मनगट फार वाकवून प्लास्टर घातल्यास मीडियन चेता दाबली जाते, म्हणून तसे करीत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत हाड पुन्हा सरकू शकते. त्यामुळे या काळात पुन्हा क्ष-किरण चित्र काढणे हा उपचाराचाच भाग आहे. वेदना थांबल्या म्हणून ही भेट टाळणे, हे हाड वाकडे जुळण्याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

तारा बसविणे: हाड बसवून त्वचेतून दोन-तीन बारीक तारा घातल्या जातात. साधारणतः ४ ते ६ आठवड्यांनी त्या काढतात. तारांच्या टोकाशी जंतुसंसर्ग होण्याची शक्यता असते.

प्लेट बसविणे: तळहाताच्या बाजूने छेद देऊन प्लेट व स्क्रू बसविले जातात. त्यामुळे मनगटाची हालचाल लवकर सुरू करता येते. प्लेट सहसा कायम ठेवली जाते, मात्र तिच्या कडेवर घासून स्नायुबंध झिजत असल्यास ती काढावी लागते.

बाहेरील चौकट: उघडा अस्थिभंग किंवा हाडाचा चुरा झाला असल्यास त्वचेबाहेर दांडा लावून हाड ताणून धरले जाते.

### शस्त्रक्रिया कोणास?

अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांखालील रुग्णात हाड बसविल्यावरही रेडियस ३ मिलिमीटरहून अधिक आखूड राहिली, मागे १० अंशांहून अधिक कलली किंवा सांध्यात २ मिलिमीटरहून अधिक फट वा पायरी राहिली, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

गेल्या काही वर्षांतील मोठ्या चाचण्यांनी अधिक शस्त्रक्रिया म्हणजे अधिक चांगला हात, हा समज तपासून पाहिला. ब्रिटनमध्ये ४६१ प्रौढांवर केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लेट व तारा यांच्या परिणामांत एका वर्षानंतर महत्त्वाचा फरक आढळला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या चाचणीत तारा व केवळ प्लास्टर यांची तुलना झाली. वर्षअखेरीस मनगटाची कार्यक्षमता सारखीच होती, मात्र प्लास्टर घातलेल्यांपैकी सुमारे आठांत एकास पहिल्या सहा आठवड्यांत हाड सरकल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ६० वर्षांवरील रुग्णांमध्ये झालेल्या चाचणीतही प्लेट व प्लास्टर यांत एका वर्षानंतर लक्षणीय फरक दिसला नाही. स्कॅफॉइडचा भंग २ मिलिमीटरपेक्षा अधिक सरकलेला नसल्यास प्रथम प्लास्टर व न जुळल्यास शस्त्रक्रिया, हा क्रम योग्य असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ४३९ प्रौढांच्या ब्रिटिश चाचणीत दिसले.

या निष्कर्षांवरून शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असे म्हणता येत नाही. उघडा अस्थिभंग, दबलेली चेता, स्मिथ व बार्टन प्रकार आणि तरुण रुग्णातील सांध्याची मोडतोड यांत ती आवश्यक ठरते. वृद्ध रुग्णात मनगट थोडे वाकडे दिसले तरी हात बहुधा चांगला चालतो, हे कोलीस यांचे निरीक्षण मात्र या चाचण्यांशी जुळते.

## हाड जुळण्याची प्रक्रिया

भंगाच्या जागी प्रथम रक्त साकळते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ संधानक तयार होते व पुढे त्यात कॅल्शियम साचून ते कठीण होते. सहा आठवड्यांच्या सुमारास हाड हलक्या कामापुरते जुळते. त्याची पुनर्रचना मात्र अनेक महिने चालते. धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह व कुपोषण यांमुळे हाड जुळण्यास विलंब होतो.

## पुनर्वसन

हाड जुळणे आणि हात कामास येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी रुग्णाच्या व्यायामावर अवलंबून असते.

* पहिल्या दिवसापासून: हात छातीच्या वर उंच ठेवणे, दर तासाला मूठ पूर्ण वळणे व उघडणे, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकास लावणे, कोपर व खांदा हलविणे. हात सतत झोळीत ठेवल्यास खांदा आखडतो.
* प्लास्टर काढल्यावर: हात बारीक, कोरडा व ताठ वाटतो. हे अपेक्षित असते. कोमट पाण्यात मनगट वरखाली करणे, कोपर अंगाशी ठेवून तळवा वर व खाली फिरविणे हे व्यायाम दिवसातून अनेक वेळा करावेत.
* सहा ते बारा आठवडे: मऊ चेंडू दाबणे, ओले फडके पिळणे, कणीक मळणे अशा क्रमाने पकड वाढवावी.
* तीन महिन्यांनंतर: हाड जुळल्याची खात्री झाल्यावर खुरपणी, धार काढणे, पाण्याची घागर उचलणे अशी कामे हळूहळू सुरू करता येतात. कुदळ व फावडे यांची वेळ त्यानंतर येते.

दुचाकीवर उजव्या हाताने पुढील ब्रेक व डाव्या हाताने क्लच दाबावा लागतो. ही दोन्ही कामे वेदनेशिवाय व झटकन करता येईपर्यंत वाहन चालवू नये. पकड व हालचाल एक वर्षापर्यंत सुधारत राहते. सर्व रुग्णांना भौतिकोपचारतज्ज्ञाकडे नियमित जावे लागतेच असे नाही. व्यायाम नीट समजावून दिल्यास अनेकांना ते घरी करता येतात, मात्र बोटे आखडू लागल्यास तज्ज्ञाकडे जाणे लांबवू नये.

## गुंतागुंती

प्लास्टरनंतर वाढत जाणाऱ्या वेदना, बोटे निळी वा पांढरी पडणे, बधिरता आणि बोटे सरळ करताना असह्य कळा ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी दिवस उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालयात जाऊन प्लास्टर सैल करून घ्यावे लागते. स्नायूंमधील दाब वाढून रक्तप्रवाह थांबल्यास काही तासांत कायमची हानी होते.

काही रुग्णांत दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना, सूज, त्वचेचा रंग व तापमान बदलणे आणि बोटे आखडणे असा प्रादेशिक वेदनेचा विकार उद्भवतो. बोटांची लवकर हालचाल हा त्यावरील महत्त्वाचा उपाय मानला जातो. जीवनसत्त्व क हा विकार टाळते काय, याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. हाड न सरकलेल्या भंगातही काही आठवड्यांनी अंगठा सरळ करणारा स्नायुबंध तुटू शकतो. तेव्हा अंगठा अचानक वर उचलता येत नाही. हाड वाकडे जुळणे, मीडियन चेता दबणे व पुढे सांध्याची झीज होणे याही ज्ञात गुंतागुंती आहेत.

## ग्रामीण भागातील उपचार

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव ग्रामीण आरोग्यव्यवस्थेतील रुग्णाच्या प्रवासाचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सपाट प्रदेशात सुमारे ३०,००० लोकसंख्येमागे असे एक केंद्र असावे, असा निकष आहे. अशा केंद्रात वेदनाशामक औषध, आधारपट्टी व धनुर्वाताची लस मिळू शकते, परंतु क्ष-किरण यंत्र व अस्थिरोगतज्ज्ञ तेथे सहसा नसतात. त्यामुळे पुढील पायरी तालुक्याच्या ठिकाणचे शिरूर ग्रामीण रुग्णालय ही होय. शस्त्रक्रिया लागल्यास औंध येथील जिल्हा रुग्णालय, पुण्यातील ससून सर्वसाधारण रुग्णालय किंवा खासगी रुग्णालय गाठावे लागते. गंभीर अपघातात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविता येते.

या प्रवासाचा खर्च व बुडणारी मजुरी यांमुळे अनेक जण प्रथम हाडवैद्याकडे जातात. हाडवैद्यांची परंपरा जुनी असली तरी क्ष-किरण चित्राविना सरकलेले हाड ओळखता येत नाही आणि बांबूच्या कामट्या आवळून बांधल्यास रक्तप्रवाह थांबून हात गमावण्याची वेळ येऊ शकते. ताजा भंग बसविणे पहिल्या काही दिवसांत सोपे असते. दोन-तीन आठवड्यांनंतर हाड वाकड्या स्थितीतच जुळू लागते व उपचार अवघड होतात.

आर्थिक साहाय्याबाबत रुग्णांमध्ये फरक पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अस्थिशल्यचिकित्सेचा समावेश आहे. विशिष्ट शस्त्रक्रियेस लाभ मिळेल काय, हे योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वी समजून घ्यावे. रांजणगावसारख्या औद्योगिक वसाहतीतील कर्मचारी राज्य विमाधारक कामगारास कामावर इजा झाल्यास तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के लाभ मिळतो. शेतमजुरास असे संरक्षण नसते. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना मृत्यू किंवा अवयव निकामी होणे यांसाठी आहे. मनगट मोडून दोन-तीन महिने काम बुडाल्यास तिचा लाभ मिळत नाही.

## पुढील अस्थिभंग टाळणे

पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने मनगट मोडणे ही पुढील इशाऱ्याची घंटा असते. अशा व्यक्तीत मणका किंवा खुबा मोडण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. म्हणून हाडांच्या घनतेची चाचणी, जीवनसत्त्व ड व कॅल्शियम यांची तपासणी आणि गरजेनुसार अस्थिसुषिरतेवरील औषधे यांचा सल्ला दिला जातो. भरपूर ऊन असूनही भारतात जीवनसत्त्व ड ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते. दूध, ताक, नाचणी व तीळ हे कॅल्शियमचे सहज मिळणारे स्रोत आहेत.

न्हाणीघरात खडबडीत फरशी व धरावयास दांडा, रात्री पुरेसा उजेड, पायास नीट बसणारी चप्पल, दृष्टीची तपासणी आणि झोप वा चक्कर आणणाऱ्या औषधांचा फेरविचार या साध्या उपायांनी पडण्याचा धोका कमी होतो.

## हेही पाहा

* अस्थिभंग
* अस्थिसुषिरता
* क्ष-किरण
* सुश्रुतसंहिता
* भौतिकोपचार